एव्हरेस्ट बेस कॅम्प : विमा घेताना उंचीची अट आधी पाहा
एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या ट्रेकसाठी प्रवास विमा घेताना प्रीमियमच्या आधी पॉलिसीतील उंचीची मर्यादा तपासावी, कारण बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर आहे आणि अनेक पॉलिसींचे संरक्षण त्याच्या बरेच खाली संपते. ट्रेक जिथून सुरू होतो त्या लुक्ला गावाच्या पुढे मोटाररस्ता नाही. त्यामुळे बेस कॅम्पआधीच्या शेवटच्या मुक्कामी, गोरक्षेपला, रात्री खोकल्याबरोबर फेसाळ थुंकी येऊ लागली, म्हणजेच फुप्फुसांत पाणी साठू लागले, तर रुग्णाला तातडीने खाली उतरवून शक्य तितक्या लवकर हेलिकॉप्टरने काठमांडूला न्यावे लागते. हा खर्च मिळेल असे पॉलिसीत स्पष्ट छापलेले असावे. एजंटाच्या तोंडी आश्वासनावर मुळीच विसंबू नये. हेलिकॉप्टर मागवण्यापूर्वी कंपनीची संमती बहुधा आवश्यक असते, म्हणून तिचा चोवीस तासांचा मदत क्रमांक आणि पॉलिसी क्रमांक कागदावर लिहून गाइडकडेही द्यावा.