क्योतोमधील मोचीच्या जुन्या दुकानांत जाताना

मोची हा चिकट तांदळाचा पदार्थ असून त्याचे आयुष्य फार थोडे असते, आणि मोचीच्या जुन्या दुकानात जाण्याचा बेत आखताना ही गोष्ट सर्वांत आधी विचारात घ्यावी लागते. मोचीगोमे या तांदळाच्या पिष्टात जवळजवळ सगळे अमायलोपेक्टिन, म्हणजे चिकटपणा देणारा घटकच असतो. हा तांदूळ भिजवून, वाफवून, उखळात लाकडी मोगरीने कुटला की त्याचा तलम आणि ताणला जाणारा गोळा होतो. परंतु तो गार होऊ लागताच पिष्टाचे रेणू पुन्हा एकमेकांना घट्ट धरू लागतात आणि काही तासांत तोच गोळा आधी निबर व मग कडक होतो. भरपूर साखर मिसळली तर ही क्रिया मंदावते, म्हणूनच विमानतळावर मिळणाऱ्या खोक्यांतील मोची कित्येक दिवस मऊ राहते. ती वाईट नसते, पण तिच्यावरून जुन्या दुकानातील मोचीची कल्पना येत नाही. तिथे पहाटे केलेला माल त्याच दिवशी विकला जातो आणि आजच खाऊन टाकावा अशी सूचना वेष्टनावर छापलेली असते. म्हणून सकाळी जावे, थोडेच घ्यावे आणि जवळच बसून खावे. मंदिरे दुपारीही जागेवरच असतात, मोची मात्र संपलेली असते.

क्योतोत गोड पदार्थांची दुकाने एकाच प्रकारची नसतात, हे आधी माहीत असलेले बरे. चहाविधीसाठी फुलापानांच्या आकाराची नाजूक मिठाई करणारी घराणी वेगळी; त्यांतील काही केवळ आगाऊ मागणीवर काम करतात आणि तिथे सहज डोकावणाऱ्याची थोडी अडचणच होते. गल्लीतले मोचीचे दुकान वेगळे. तिथे दाइफुकु (गोड सारण भरलेली मोची), दांगो (तांदळाच्या पिठाचे लहान गोळे) आणि ओहागी (गोड सारणात गुंडाळलेला चिकट भाताचा गोळा) यांच्या जोडीला सेकीहान हा अझुकी हे लाल कडधान्य घालून वाफवलेला लालसर भातही विकायला असतो, शेजारपाजारची मंडळी दोन-चार नग घेऊन जातात आणि परक्या माणसालाही संकोच वाटत नाही. तिसरा प्रकार देवळाच्या वाटेवरच्या दुकानांचा. तिथे बहुधा एकच पदार्थ मिळतो आणि तो बसूनच खायचा असतो. पहिल्यांदा जाणाऱ्याने या तिसऱ्या प्रकारापासून सुरुवात करावी, कारण तिथे काय मागावे हा प्रश्नच उरत नाही.

याचे उत्तम उदाहरण शहराच्या उत्तर भागात, दाइतोकुजी या मोठ्या झेन मठापासून चालत जाण्याच्या अंतरावर, इमामिया देवस्थानाच्या पूर्वेकडील वाटेवर आहे. इथे दोन दुकाने समोरासमोर उभी आहेत: एक इचिमोंजिया वासुके, ज्याला लोक इचिवा म्हणतात आणि जे आपला आरंभ इ.स. १००० मध्ये झाल्याचे सांगते. दुसरे काझारिया, जे सुमारे चारशे वर्षांचे असूनही शेजाऱ्यामुळे तरुण ठरते. दोन्हीकडे एकच पदार्थ मिळतो, आबुरी-मोची. अंगठ्याच्या पेराएवढे मोचीचे तुकडे बांबूच्या बारीक काड्यांना लावून, त्यांवर भाजलेल्या सोयाबीनचे पीठ म्हणजे किनाको भुरभुरवून ते कोळशावर करपेपर्यंत भाजतात आणि पांढऱ्या मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याच्या, गोड रसात बुडवून देतात. या काड्यांनी रोगराई दूर राहते अशी श्रद्धा आहे. एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी इथे भरणारा यासुराई उत्सवही साथीच्या रोगांच्या शमनासाठीच सुरू झालेला आहे.

वाटेवर पाऊल टाकताच दोन्ही बाजूंनी बोलावणे येते आणि नवखा माणूस गोंधळतो. कुठे चांगले, यावर क्योतोकरांचेही एकमत नाही. मिसोचा गोडवा आणि भाजण्याची तऱ्हा यांत थोडाफार फरक आहे, इतकेच. पोटात जागा असेल तर आधी एकीकडे आणि मग दुसरीकडे वाढप घेण्यास हरकत नाही, परंतु जिथे बसलो आहोत तिथे माणशी एक वाढप मागणे हा रिवाज आहे आणि दुसऱ्या दुकानाची मोची इकडे आणून खाणे अर्थातच शोभत नाही. एका वाढपात दहाहून अधिक काड्या असतात, पण तुकडे इतके लहान असतात की आकडा ऐकून घाबरू नये. एका माणसासाठी ‘इचिनिन-माए’ आणि दोघांसाठी ‘निनिन-माए’ म्हटले की पुरे. तातामीच्या चटईवर बसायचे असल्यास पादत्राणे बाहेर काढावीत. बाहेरच्या बाकावर बसल्यास भाजणाऱ्या स्त्रियांचे हात जवळून पाहता येतात, आणि माझ्या मते तीच जागा अधिक चांगली. दुकाने साधारणपणे बुधवारी बंद असतात. बुधवार महिन्याच्या १ किंवा १५ तारखेला आला तर ती उघडी ठेवण्याची पद्धत आहे, तरीही निघण्यापूर्वी त्या आठवड्याची खात्री करून घ्यावी.

कितानो तेनमांगू देवळासमोरचे सावाया हे दुकान मराठी वाचकाला वेगळ्या कारणासाठी सुचवावेसे वाटते. १६८२ पासून चालत आलेल्या या दुकानात तांदळाऐवजी ‘आवा’ या भरडधान्याची मोची मिळते, आणि आवा म्हणजे आपला राळा. भोगीला राळ्याचा भात करणाऱ्या घरांतील माणसाला हे धान्य कुटून इतके मऊ होते यावर पटकन विश्वास बसणार नाही. मागणी दिल्यावरच गोळे वळले जातात. काही गोळे अझुकीच्या गोड सारणात गुंडाळलेले आणि काही लांबट करून किनाकोत घोळवलेले असतात. ही मोची तांदळाच्या मोचीहूनही लवकर घट्ट होते, म्हणून बशी समोर आल्यावर छायाचित्रांत वेळ घालवू नये. दर महिन्याच्या २५ तारखेला देवळात मोठी जत्रा भरते. त्या दिवशी गर्दी फार असते. किनाकोबद्दल एक सूचना: घास तोंडात घेताना श्वास आत ओढू नये, नाहीतर ठसका लागतो आणि समोरच्याच्या अंगावर पिवळे पीठ उडते.

घेऊन जाण्याच्या दुकानांत देमाची फुताबाचे नाव सर्वांत आधी येते. १८९९ मध्ये सुरू झालेले हे दुकान देमाची भागातील मासुगाता या झाकलेल्या बाजारपेठेजवळ आहे आणि केइहान रेल्वेचे देमाचियानागी स्थानक पूल ओलांडून काही मिनिटांच्या अंतरावर आहे. लोक इथे मामे-मोचीसाठी येतात. तिच्या पारीत होक्काइदोचे लाल वाटाणे अख्खेच मिसळलेले असतात आणि आत गाळलेल्या अझुकीचे तलम सारण असते. वाटाण्यांचा खारटपणा आधी जाणवतो आणि गोडवा मागून येतो, त्यामुळे अतिगोडाचा कंटाळा असणाऱ्यांनाही ती आवडते. दुकानासमोर बहुधा रांग असतेच. सकाळी लवकर, शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी गेलेले चांगले. मात्र मंगळवार आणि महिन्यातील चौथा बुधवार हे सुटीचे दिवस टाळावेत. रांग वाटेवरच्या लोकांना अडवणार नाही अशा रीतीने लावलेली असते, म्हणून तिचे शेवटचे टोक नीट पाहूनच उभे राहावे आणि एकाने जागा धरून मागाहून चौघांनी येण्याचा आपल्याकडचा प्रकार तिथे करू नये.

दुकान उघडे आहे की नाही हे दारावरच्या नोरेन या कापडी पडद्यावरून कळते: पडदा बाहेर टांगलेला असेल तर दुकान चालू, आत घेतला असेल तर बंद. आपली पाळी येण्यापूर्वीच काचेच्या कपाटाकडे पाहून काय आणि किती घ्यायचे हे ठरवावे. पाट्या बहुतेक जपानीत असतात. फोनच्या कॅमेऱ्यातून भाषांतर वाचता येते, पण हे काम रांगेत उभे असतानाच उरकावे. वस्तूकडे उघड्या हाताने निर्देश करून ‘कोरे ओ फुतात्सु कुदासाई’ म्हटले की त्या वस्तूचे दोन नग मिळतात. एकासाठी हितोत्सु, तिनासाठी मित्त्सु, चारासाठी योत्त्सु आणि पाचासाठी इत्सुत्सु हे शब्द पाठ असले की बहुतेक व्यवहार पार पडतो. एकच नग मागण्यात कमीपणा नाही. विकणारा तितक्याच काळजीने तो बांधून देतो. ‘उरिकिरे’ ऐकू आले तर तो पदार्थ संपला आहे, आणि तिथे आग्रह करून काही उपयोग नसतो.

जुन्या दुकानांपैकी काही अजूनही फक्त रोख रक्कम घेतात, त्यामुळे जवळ हजार येनच्या नोटा आणि सुटे पैसे ठेवावेत. पैसे हातात न देता गल्ल्यापाशी ठेवलेल्या छोट्या तबकात ठेवावेत. २०१९ च्या ऑक्टोबरपासून खाद्यपदार्थ घेऊन गेल्यास ८ टक्के आणि तिथेच बसून खाल्ल्यास १० टक्के उपभोग कर लागतो, म्हणून एकाच मोचीच्या दोन किमती दिसल्या तर ती फसवणूक समजू नये. प्लॅस्टिकच्या पिशवीचे पैसे वेगळे पडतात. बक्षिशीची प्रथा नाही.

शाकाहारी माणसाला मोचीचे दुकान जपानमधील इतर बऱ्याच खाद्यगृहांपेक्षा सोयीचे आहे. तांदूळ, अझुकी, साखर, सोयाबीन, तीळ आणि योमोगी या सुगंधी पाल्यावर बहुतेक काम चालते, आणि काही थिजवायचे असेल तर परंपरेने समुद्रशैवालापासून केलेले कांतेन वापरतात. तरीही डोळे मिटून खाऊ नये. मिताराशी दांगोवरचा चकचकीत रस सोया सॉस आणि साखरेचा असला तरी काही ठिकाणी त्यात माशापासून काढलेले दाशी असते. काही मिठायांत अंड्याचा बलक असतो. नव्या धर्तीच्या, मलई भरलेल्या मोचीत जिलेटिन असू शकते. ‘दाशी हाइत्ते इमासु का?’ म्हणजे यात दाशी आहे का, एवढे विचारता आले तरी मोठी अडचण टळते. अंड्यासाठी दाशीच्या जागी ‘तामागो’ म्हणावे. कंदमुळे वर्ज्य असणाऱ्या जैन प्रवाशांनी जानेवारीतील हानाबिरा-मोचीत गोबो हे मूळ घातलेले असते आणि जोयो मांजू या सारण भरलेल्या मिठाईची पारी एका कंदापासून करतात, हे ध्यानात ठेवावे. सोयाची अ‍ॅलर्जी असणाऱ्याने मात्र किनाको, मिसो आणि सोया सॉस असलेले प्रकार टाळावेत.

कोणत्या महिन्यात जात आहोत यावर कपाटात काय दिसेल हे ठरते, आणि हंगामाबाहेरची वस्तू मागण्यात अर्थ नसतो. वसंतात मीठ लावलेल्या चेरीच्या पानात गुंडाळलेली साकुरा-मोची येते. क्योतोकडे ती दोम्योजी या रवाळ तांदळाची असते, तर तोक्योकडे गव्हाच्या पातळ धिरड्यात सारण गुंडाळतात. तिचे पान खाल्ले तरी चालते. ५ मेच्या सुमारास मिळणाऱ्या काशिवा-मोचीचे ओकाचे पान मात्र काढून टाकायचे असते, आणि ते चावत बसलेला परदेशी पाहुणा दुकानदाराला नवा नसतो. दोन्ही विषुवदिनांच्या आठवड्यांत पूर्वजांच्या स्मरणार्थ ओहागी करतात. उन्हाळ्यात कुटलेल्या मोचीपेक्षा वाराबी-मोची अधिक दिसते, पण ती तांदळाची नसून नेच्याच्या मुळांतील पिष्टाची असते. डिसेंबरच्या अखेरीस बहुतेक दुकाने नववर्षाच्या मोचीच्या मागण्यांत बुडालेली असतात आणि रोजचे गोड प्रकार कमी होतात. तेव्हा पाहायला मजा येते, खायला तितकी नाही.

खाण्याच्या बाबतीत एक सूचना गंभीरपणे पाळावी. मोची घशात अडकून गुदमरण्याच्या घटना जपानमध्ये दर वर्षी घडतात, विशेषतः नववर्षाच्या दिवसांत आणि वृद्धांच्या बाबतीत, आणि तोक्योचे अग्निशमन खाते त्याबद्दल सूचना काढत असते. सोबत आजी-आजोबा किंवा लहान मूल असेल तर तुकडे लहान करून द्यावेत, आधी चहाचा घोट घेऊन घसा ओला करावा, पूर्ण चावल्याशिवाय गिळू देऊ नये आणि खाताना हसवू नये. बशीसोबत येणारी कुरोमोजी ही लाकडी काडी तुकडे करण्यासाठीच असते.

चालता चालता खाणे जपानमध्ये सभ्य मानले जात नाही, आणि निशिकी बाजारात तसे करू नये अशी विनंती केलेली असते. देमाची फुताबाहून निघाल्यावर कामो आणि ताकानो नद्यांच्या संगमावर बसून खाण्याचा मोह सर्वांनाच होतो. तो पुरवावा, पण वर पाहून. तिथल्या घारी मागून झडप घालून हातातले खाद्य पळवतात; झाडाखाली किंवा भिंतीला पाठ लावून बसावे आणि पुडा मांडीवर उघडा ठेवू नये. कचऱ्याच्या पेट्या रस्त्यावर क्वचितच आढळतात, म्हणून रिकामा पुडा निवासाच्या जागी परत न्यावा.

एवढे करूनही मोची उरलीच तर ती शीतकपाटात ठेवू नये, कारण पिष्ट कडक होण्याची क्रिया शून्याच्या किंचित वरच्या तापमानाला सर्वांत वेगाने होते. एकेक नग घट्ट गुंडाळून थेट गोठवण्याच्या कप्प्यात ठेवावा आणि खाण्यापूर्वी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा. रात्रभर बाहेर राहून निबर झालेली मामे-मोची कोरड्या तव्यावर मंद आचेवर भाजली की पुन्हा मऊ होते. भारतात नेण्यासाठी मात्र ताजी मोची घेऊच नये. त्याऐवजी दालचिनीच्या वासाची नामा-यात्सुहाशी ही मऊ मिठाई घ्यावी, जी वेष्टनबंद असल्यास काही दिवस टिकते आणि जिच्यावर शेवटची तारीख स्पष्ट लिहिलेली असते, किंवा मोचीगोमेपासूनच केलेली कुरकुरीत आरारे घ्यावीत, जी सामानात कुठेही कोंबता येतात.