ग्रीक जिन बनवायची तर: ज्युनिपर पुढे, बाकीचे मागे

ग्रीसमध्ये जिन ही तशी नवी गोष्ट आहे. तिथली जुनी दारू म्हणजे बडीशेपेच्या वासाची ऊझो, द्राक्षाच्या चोथ्यापासून काढलेला त्सिपुरो आणि खिओस बेटावरच्या सुगंधी डिंकाची मास्तिहा. पण त्यामुळेच तांब्याच्या भट्ट्या तयार आहेत, त्या चालवणारे हात पिढ्यानपिढ्या तयार आहेत आणि डोंगरात सुगंधी झाडपाला हवा तेवढा आहे, मग अथेन्सच्या बारवाल्यांनी चांगल्या जिनची मागणी सुरू केल्यावर छोटे ब्रँड निघायला वेळ लागला नाही. अडचण एकच, ग्रीक वनस्पती जात्याच फार जोरकस असतात. मास्तिहा, ओरेगॅनो, सेज, समुद्राकाठचं क्रितामो, कुणीच गप्प बसणारं नाही, आणि माझ्या मते त्यांना आवरणं हीच या जिनची खरी कारागिरी आहे. खाली जे सांगतोय ते सगळं त्या अंगाने.

आधी परवान्याचं. घरी भट्टी लावून जिन काढणं ग्रीसमध्ये बेकायदा आहे आणि महाराष्ट्रातही, तो विचार डोक्यातून काढा, शिवाय अल्कोहोलच्या वाफेजवळ उघडा जाळ म्हणजे जिवाशी खेळ. ग्रीसमध्ये द्राक्षवाल्या शेतकऱ्यांना हंगामात परवानगी घेऊन स्वतःच्या चोथ्याचा त्सिपुरो काढता येतो, पण ती सवलत जिनला चालत नाही, जिनसाठी परवानाधारक डिस्टिलरीच लागते. म्हणून नवीन माणसासाठी शहाणपणाचा रस्ता म्हणजे आधीपासून चालू असलेल्या डिस्टिलरीशी करार करायचा, रेसिपी तुमची आणि भट्टी त्यांची. तीन बायकांनी मिळून सुरू केलेली ग्रेस जिन इव्हिया बेटावरच्या अव्हांतेस या जुन्या डिस्टिलरीत निघते. गोव्यात २०१७ नंतर जी क्राफ्ट जिनची लाट आली ती पाहिलेल्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल.

भट्टी ऊझोवाल्याची असेल तर पहिला प्रश्न हाच विचारा की साफ कशी करता. बडीशेपेचा वास हिंगाच्या डब्यातल्या हिंगासारखा असतो, धुतला तरी गॅस्केटमध्ये, कंडेन्सरच्या नळीत बसून राहतो. नुसत्या पाण्याने भागत नाही, वाफ सोडायची, मग कडक अल्कोहोलचा एक फेरा काढून टाकून द्यायचा, आणि रबराचे गॅस्केट तर जिनसाठी वेगळेच ठेवायचे. हे केलं नाही तर तुमची पहिली बॅच ऊझोची चुलत बहीण निघेल.

आता ज्युनिपर, म्हणजे ज्या झुडपाच्या फळामुळे जिनला तिची चव येते ते. युरोपियन युनियनच्या नियमाप्रमाणे जिन म्हणायला ज्युनिपरची चव ठळक लागते आणि बाटलीत किमान ३७.५% अल्कोहोल लागतं, आणि ज्युनिपर कुठलाही चालत नाही, युनिपेरस कम्युनिस ही एकच जात. ग्रीसमध्ये ती उगवते आणि युनिपेरस ऑक्सिसेड्रसही उगवते, पण ही दुसरी जिनला चालत नाही, म्हणून फरक ओळखता आला पाहिजे. कम्युनिस उत्तरेकडच्या उंच डोंगरात, त्याचं फळ पिकल्यावर निळसर काळं होतं आणि सुईसारख्या पानावर पांढरा पट्टा एकच. ऑक्सिसेड्रसचं फळ लालसर तपकिरी आणि पानावर पट्टे दोन. पण युनिपेरस सबिना नावाची विषारी जातही याच कुळातली आहे, तेव्हा ओळखणारा माणूस बरोबर नसेल तर डोंगरात जाऊन स्वतः तोडायच्या फंदात पडू नका, सरळ खात्रीच्या व्यापाऱ्याकडून घ्या. फळ बोटात दाबून बघायचं, मऊ आणि किंचित चिकट हवं, कडकडीत वाळलेल्यातला सुगंध बराचसा उडालेला असतो.

मग ग्रीकपणा कुठून आणायचा? सगळ्यांच्या मनात पहिली येते मास्तिहा, आपल्याकडे अत्तरवाल्याकडे आणि युनानी औषधांच्या दुकानात रूमी मस्तकी म्हणून मिळते तीच. हा खिओस बेटाच्या दक्षिण भागातल्या झाडांचा डिंक. उन्हाळ्यात झाडाखालची जमीन झाडून त्यावर पांढऱ्या चुनखडीची पूड पसरतात, मग सालीला बारीक चिरा देतात आणि खाली पडलेले थेंब आठवडे-दोन आठवडे वाळू देऊन उचलतात, साफ करायचं काम तर नंतर महिनोन्महिने हातानेच चालतं. मास्तिहा उत्पादकांची सहकारी संघटना १९३८ पासून आहे आणि ही सगळी पद्धत २०१४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. इतक्या कष्टाचा माल आहे, जपून वापरा, आणि चवीसाठीही जपूनच, कारण थोडी जास्त झाली की देवदार आणि गाजराची पात यांच्या मधला एक वास सगळ्यावर चढतो आणि ज्युनिपर गायब होतो.

बाकीच्यांबद्दल भराभर सांगतो. क्रितामो समुद्राकाठच्या खडकात उगवतं, खारट आणि लिंबाकडे झुकणारं, खारटपणा अर्कात उतरत नाही पण तो हिरवा समुद्री वास उतरतो, चिमूटभर पुरे. डोंगरी चहा म्हणजे सिदेरितिस, काड्यांसकट जुड्या मिळतात, वास सौम्य आणि मधाळ, रानातला तोडण्यापेक्षा लागवडीचा घ्या कारण जंगलात तो कमी होत चाललाय. नाक्सोस बेटावर महाळुंगाच्या पानांपासून कित्रोन नावाचं लिकर करतात, ती पानं जिनमध्ये फार सुंदर लागतात, मला तर मास्तिहापेक्षा हीच जास्त आवडतात. कोर्फूचं कुमक्वाट, खिओसची मँडरिन, यांच्या साली चालतात, फक्त आतला पांढरा भाग खरवडून काढा. कोझानीचं केशर कितीही नामांकित असलं तरी डिस्टिल केल्यावर रंग येत नाही हे लक्षात ठेवा, महाग माल भट्टीत घालून फुकट घालवू नका. आणि रेसिपीत लॉरेलचं पान दिसलं तर आपलं तमालपत्र टाकू नका, ते वेगळं झाड आहे, त्याला दालचिनीचा वास असतो.

यातल्या जास्तीत जास्त तीन निवडा आणि शक्यतो एकाच भागातल्या. पंधरा-वीस वनस्पतींची यादी लेबलवर छान दिसते पण ग्लासात सगळ्यांचा मिळून नुसता काढा होतो.

निवड करायला भट्टी लागत नाही, हे स्वयंपाकघराच्या ओट्यावर होतं. चांगल्या साध्या व्होडकाच्या छोट्या बाटल्या भरा, प्रत्येकीत एकच वनस्पती, एक दिवस ठेवून गाळा, मग ड्रॉपरने थेंब मोजून मिसळत बसा आणि प्रत्येक मिश्रण लिहून ठेवा. भिजवलेल्याची आणि डिस्टिल केलेल्याची चव सारखी नसते, कडूपणा आणि रंग भिजवल्यावरच येतात, पण कोण कुणाला दाबतोय ते इथे स्वच्छ कळतं.

आता मापं. बेस म्हणून ९६% चं शेतीजन्य न्यूट्रल अल्कोहोल, त्यात जवळपास तितकंच पाणी घालून ५०% वर आणा. अशा एका लिटरला माझी सुरुवातीची रेसिपी: ज्युनिपर २० ग्रॅम, धणे ८, अँजेलिकाचं मूळ १, आयरिसचं मूळ अर्धा ग्रॅम, सुकी संत्र्याची साल दीड, महाळुंगाची पानं १, डोंगरी चहा १ आणि मास्तिहा फक्त ०.३ ग्रॅम. ज्युनिपर नुसता चेचा, पूड करू नका. तो आणि धणे, मुळं वगैरे रात्रभर भिजवा. डोंगरी चहा आणि महाळुंगाची पानं भांड्यात उकळायची नाहीत, ती वरच्या जाळीत ठेवायची म्हणजे त्यातून नुसती वाफ जाते आणि पाल्याचा शिजका वास येत नाही. मास्तिहा थोडा वेळ फ्रीजरमध्ये ठेवून मगच कुटा नाहीतर खलबत्त्याला चिकटते, आणि मलमलच्या पुरचुंडीत बांधून लटकवा कारण तळाला गेली तर वितळून करपते.

आंच मंद. धार बोटाइतकी नको, बारीक हवी. भट्टीत भरलेल्या १० लिटरला सुरुवातीचे ५० ते १०० मिलि, म्हणजे हेड्स, बाजूला काढा. न्यूट्रल अल्कोहोलमधलं विषारी मिथेनॉल आधीच जवळपास संपलेलं असतं, त्यामुळे ही काटछाट चवीसाठी आहे, पहिल्या धारेत सालींचा उग्रपणा येतो. मग हार्ट्स, म्हणजे ठेवायची मधली धार, त्यात आधी सिट्रस, मग ज्युनिपर आणि धणे, मग मुळांचा मातकट वास. दर काही मिनिटांनी चमच्यात दोन थेंब घेऊन पाण्यात मिसळून हुंगायचं, आकडे बघत बसण्यापेक्षा नाकावर विश्वास ठेवा. उकडलेल्या भाजीचा किंवा ओल्या गवताचा वास आला की थांबा, ते टेल्स, म्हणजे टाकायची शेवटची धार. १० लिटरला हार्ट्स साधारण ५ लिटर मिळतात, सरासरी ७६% धरली तर ४२% वर आणून ९ लिटर जिन होते.

लेबलवर लंडन जिन लिहायचं असेल तर अर्क किमान ७०% चा लागतो, सगळ्या वनस्पती डिस्टिलेशनच्या वेळीच आत लागतात आणि नंतर रंग-सुगंध काही घालता येत नाही. मास्तिहाचा अर्क वेगळा काढून नंतर मिसळायचा असेल तर ती डिस्टिल्ड जिन म्हणून विका, त्यात कमीपणा काही नाही, उलट मास्तिहा दर वर्षी थोडी वेगळी येते त्यामुळे वेगळा अर्क हाताशी असलेला बरा.

अर्क दोन आठवडे तसाच राहू द्या, मग डिमिनरलाइज्ड पाणी थोडं थोडं, तीन-चार दिवसांत घाला. बेटांवरचं नळाचं पाणी नकोच, क्षारांनी गढूळपणा येतो. पाणी घालताना जिन दुधाळ झाली तर घाबरू नका, सुगंधी तेलं जास्त झालीत आणि ती कमी अल्कोहोलमध्ये विरघळून राहत नाहीत. ४४-४५% वर बाटलीत भरली तर बहुतेक वेळा प्रश्न सुटतो, नाहीतर पुढच्या बॅचला साली कमी करा. थंड करून गाळता येते पण तेलाबरोबर चवही जाते, मी तो शेवटचा उपाय धरतो. अल्कोहोल मोजताना नमुना २० अंश सेल्सियसला आणा, गरम अर्कात हायड्रोमीटर चुकीचंच सांगतं.

आणि चव नुसती घेऊन निर्णय करू नका, टॉनिकमध्ये घ्या, कारण लोक तशीच पितात. अथेन्सच्या थ्री सेंट्सचं टॉनिक मिळालं तर उत्तम, पण एक साधं टॉनिकही शेजारी ठेवा, काकडी आणि तुळस घातलेल्या त्यांच्या इजियन टॉनिकमध्ये कुठलीही जिन ग्रीक वाटायला लागते. एक भाग जिन, तीन भाग टॉनिक, भरपूर बर्फ, दहा मिनिटांनी बर्फ वितळल्यावर पुन्हा एकदा चाखा. तेव्हा ज्युनिपर अजून पहिला लागत असेल तर बाटल्या भरा, मास्तिहा पहिली लागत असेल तर पुढच्या बॅचला ०.३ चे ०.२ करा.