खगोलशास्त्र शिकायचे असेल तर आधी भौतिकशास्त्र

बारावीनंतर मला खगोलशास्त्राचीच पदवी हवी होती. आपल्याकडे या विषयाचे सविस्तर शिक्षण बहुतेक ठिकाणी पदव्युत्तर पातळीवर सुरू होते, हे कळल्यावर मी काहीशा नाराजीनेच पुण्यात बी.एस्सी. भौतिकशास्त्राला प्रवेश घेतला. पहिले वर्षभर कलन, यांत्रिकी आणि प्रयोगवह्या यांतच गेले, आणि आकाशाचा अभ्यासक्रमाशी काही संबंध आहे असे वाटेनासे झाले.

त्याच वर्षी विज्ञान दिनाला नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बीण पाहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्यांपैकी १४ मध्यभागी जवळजवळ आणि उरलेल्या इंग्रजी वाय अक्षराच्या तीन भुजांवर दूरवर पसरलेल्या. त्या सगळ्या मिळून सुमारे २५ किलोमीटर रुंदीच्या एकाच दुर्बिणीसारखे काम कसे करतात, हे तेव्हा ऐकले, पण समजले नाही. पुढच्या वर्षी फूरिए रूपांतर, म्हणजे कोणताही संकेत साध्या लहरींच्या बेरजेत उलगडण्याची गणिती पद्धत, शिकताना लक्षात आले की दोन-दोन अँटेनांचे संकेत एकमेकांशी ताडून, म्हणजे एका वेळी ४३५ जोड्यांतून, आकाशाच्या प्रतिमेचे फूरिए घटक मोजले जातात आणि त्यांतून प्रतिमा उभी करता येते. गणिताचा जो तास मी कंटाळून बसून काढत असे, तोच दुर्बिणीचा गाभा निघाला.

संगणकाकडे मात्र मी उशिरा वळलो, आणि ही चूक नवीन विद्यार्थ्यांनी टाळावी. पुण्यात जून ते सप्टेंबर आकाश झाकलेलेच असते. ते महिने पायथन ही संगणकाची भाषा शिकण्यासाठी उत्तम. सरावासाठी गाया या युरोपीय उपग्रहाच्या नोंदी विनामूल्य मिळतात. त्यांतून कृत्तिका तारकागुच्छाच्या दिशेचे तारे घ्यावेत, समान निजगतीवरून (म्हणजे ताऱ्याच्या आकाशातील स्वतःच्या सरकण्यावरून) गुच्छाचे खरे सदस्य वेगळे करावेत आणि त्यांचा रंग व तेजस्विता यांचा आलेख काढावा. मी पहिल्यांदा हे केले तेव्हा ७.४ हा पराशय (पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तारा जेवढा सरकलेला दिसतो त्यावरून मिळणारा कोन; तो जितका मोठा तितका तारा जवळ) मिलिआर्कसेकंदांत, म्हणजे आर्कसेकंदाच्या हजाराव्या भागांत, आहे हे विसरून तो आर्कसेकंदांत धरला आणि कृत्तिका सूर्याला सर्वांत जवळच्या ताऱ्याहूनही दहापट जवळ आणून ठेवल्या! खरे अंतर सुमारे १३५ पार्सेक, म्हणजे ४४० प्रकाशवर्षे. एककांची शिस्त मला कोणत्याही व्याख्यानापेक्षा या एका चुकीने अधिक शिकवली.

दुर्बीण विकत घेण्याची घाई करू नये. १० बाय ५० ची (दहापट मोठे दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगांची) द्विनेत्री पहिली दोन-तीन वर्षे पुरते. तोच वेळ आयुका आणि एनसीआरए या पुण्यातील खगोलशास्त्र संशोधन संस्थांच्या विद्यार्थी उपक्रमांसाठी अर्ज करण्यात घालवावा. अशा अर्जांना बहुधा शिक्षकांचे शिफारसपत्र लागते, तेव्हा ज्यांना आपण प्रश्न विचारतो आणि ज्यांनी आपले काम पाहिले आहे असे एखादे प्राध्यापक दुसऱ्या वर्षापर्यंत तरी असावेत. माझ्या बाबतीत ते प्रयोगशाळेतले सर होते, आणि कृत्तिकांचा तो चुकलेला आलेख प्रथम त्यांनीच पाहिला होता.