आयनांच्या आकारावरून क्षारातली ओढ कशी ठरवायची

सोडियम फ्लोराइड सुमारे ९९३ अंश सेल्सिअसला वितळते, सोडियम आयोडाइड मात्र ६६१ लाच. धन आयन तोच, प्रभारही तेवढेच. बदलला तो ऋण आयनाचा आकार.

ओढीनुसार क्षारांचा क्रम लावताना आधी दोन्ही आयनांच्या प्रभारांचा गुणाकार बघा, मग अंतर. अंतर म्हणजे केंद्रापासून केंद्रापर्यंत, दोन्ही त्रिज्यांची बेरीज. इथेच गाडी घसरते. कुणी एकाच आयनाची त्रिज्या पाहून उत्तर लिहितो, कुणी चक्क अणूची घेतो. सोडियमचा अणू सुमारे १८६ पिकोमीटरचा, पण इलेक्ट्रॉन गेल्यावर १०२ च उरतो. क्लोरीन उलटा ९९ वरून १८१ वर फुगतो.

सगळ्या त्रिज्या एकाच तक्त्यातून आणि समन्वय अंक (आयनाभोवती लागून असलेल्या विरुद्ध आयनांची संख्या) ६ च्याच घ्या. फ्लोराइड १३३, क्लोराइड १८१, ब्रोमाइड १९६, आयोडाइड २२०. प्रत्येकात सोडियमचे १०२ मिळवा: २३५, २८३, २९८, ३२२.

आता २,१५,८०० ला या अंतराने भागा (कापुस्तिन्स्कीच्या सूत्राचे हे सुटसुटीत रूप). येते ती जालक ऊर्जा, म्हणजे क्षारातले आयन एकमेकांपासून पूर्ण सुटे करायला लागणारी ऊर्जा, किलोज्यूल प्रति मोलमध्ये. फ्लोराइडला ९१८, आयोडाइडला ६७०. मिठाला ७६३ येते, प्रत्यक्षात सुमारे ७८७. क्रम लावायला एवढे पुरते. भागताना अंतराचा वर्ग करू नका, तो बलाच्या सूत्रात असतो.

मॅग्नेशियम ऑक्साइडचे अंतर ७२ अधिक १४०, म्हणजे २१२. सोडियम फ्लोराइडपेक्षा जेमतेम दहा टक्क्यांनी कमी. पण प्रभारांचा गुणाकार ४, म्हणून भागाकाराला चारने गुणायचे. उत्तर चार हजारांच्या घरात जाते. खरा आकडा त्याहून थोडा कमी, ३,८०० च्या आसपास.

द्रवणांकावर मात्र डोळे झाकून विसंबू नका. लिथियम क्लोराइडचे अंतर २५७, मिठापेक्षा कमी; जालक ऊर्जाही जास्त. तरी ते सुमारे ६१० अंशांना वितळते आणि मीठ ८०१ ला. चिमुकला लिथियम आयन हा क्लोराइड आयनाचा इलेक्ट्रॉन-ढग स्वतःकडे ओढतो, शिवाय क्लोराइड एकमेकांच्या फार जवळ येऊन परस्परांना ढकलतात.

पाण्यात तर ही त्रिज्या वापरूच नका. लहान लिथियम पाण्याचे रेणू घट्ट धरून ठेवतो, त्या लवाजम्यासह तो पोटॅशियमपेक्षा मोठा होतो आणि विद्युतक्षेत्रात त्याच्यापेक्षा हळू सरकतो.