जुना कॅसेट डेक घेताय? आधी बेल्ट पाहा
दिवा लागला म्हणून लगेच पैसे काढू नका. घरची एक कॅसेट सोबत न्या, पण आवडीची नको. डेकने टेप गिळली तर हळहळ उरते. प्ले, रिवाइंड, फॉरवर्ड सगळं दाबून पाहा. मोटर गुणगुणते पण चाकं हलत नाहीत? मग बहुधा बेल्ट, म्हणजे मोटरच्या जोरावर चाकं फिरवणारा रबरी पट्टा, गेला. नागपूरच्या 45 अंशांत माळ्यावर पडून तो डांबरासारखा चिघळतो, बोटांवरून दिवसभर निघत नाही. बेल्ट बदलता येतो. हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या धातूच्या भागावर, नखाला खाच लागली तर मात्र सरळ परत फिरा. घरी आणल्यावर हेड आणि कॅपस्टन (टेप पुढे ओढणारा बारीक दांडा) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, काडीवरचा कापूस तपकिरी व्हायचा थांबेपर्यंत. आणि हो, डेक कूलरच्या झोतात ठेवू नका.