इशारा आला? आधी तारीख बघा

सेवा केंद्रावर सातबाऱ्यासाठी गर्दी असते आणि पडद्यावर लाल त्रिकोण येतो: कनेक्शन सुरक्षित नाही. चालवणारा पोरगा न वाचताच तो ओलांडून पुढे जातो. त्याला दोष देऊ नये. तोच इशारा रोज दिसला की नजर तो टाळायला शिकते. मग खरा धोका आला तरी बोट सवयीनं तिथंच जातं.

म्हणून रोज येणाऱ्या इशाऱ्याचं मूळ कारणच दूर करा. विदर्भातल्या खेड्यांत लाइन सारखी जाते. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा, म्हणजे आतल्या मुख्य सर्किटवरचा, घड्याळ चालू ठेवणारा गोल सेल (बहुतेक वेळा सीआर२०३२) संपला असेल, तर लाइन गेली की तारीख मागं जाते, कधी कित्येक वर्षं. वेबसाइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राला मुदत असते. संगणकाच्या हिशेबानं ती अजून सुरूच झालेली नसते, म्हणून ब्राउझर अडवतो. उजव्या कोपऱ्यातली तारीख, वर्षासकट, तपासून दुरुस्त करा. मग प्लग काढून सेल बदला आणि तारीख पुन्हा एकदा तपासा. घड्याळाच्या दुकानातही तो मिळतो, फार महाग नाही.

तारीख बरोबर असूनही इशारा आला, तर आधार, बँक, ओटीपीचं काम तिथं करूच नका. गिऱ्हाईक थांबलं तरी चालेल.

'व्हायरस आला, या नंबरवर फोन करा' अशी खिडकी मात्र निव्वळ फसवणूक. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर नसतो. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबा, चालू प्रोग्रामची यादी उघडते, तिच्यातून ब्राउझर बंद करा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावा.