काकवी: कढईतून उतरवायची कधी, स्वयंपाकात घालायची कशी

मांजरा नदीच्या काठाला माझ्या मामाचं गुऱ्हाळ होतं. येळवस, म्हणजे वेळ अमावस्येचा सण, झाली की चुलवाण पेटायचं आणि आम्ही पोरं पितळी तांबे घेऊन काहिलीपासून, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईपासून, चार हात लांब बसायचो. उसाचा रस आटून गुळाच्या वाटेला लागलाय पण गूळ अजून झाला नाही, तेवढ्या मधल्या वेळात गूळ करणारा गुळव्या आमच्या तांब्यात ओतायचा ती काकवी. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने प्यायचं पाणी आलं. त्या साली मामाच्या रानात ऊसच नव्हता. गुऱ्हाळ बंद पडलं ते पडलंच. तेव्हापासून मी काकवी घरी गॅसवर करते.

आधी एक घोळ मिटवते. काकवी म्हणजे मळी नव्हे. साखर काढून झाल्यावर कारखान्यात जो काळा द्रव उरतो ती मळी. गुऱ्हाळात रसावर जी घाण फेसासकट वर येते तिलाही मळीच म्हणतात, म्हणून गोंधळ होतो. काकवीत रसाची सगळी साखर असते. त्यातून काढलेलं असतं ते फक्त पाणी आणि घाण.

रसवंतीवरून ५ लिटर रस आणा. लिंबू, आलं, बर्फ काही नको, हे आधीच सांगून ठेवा. शेंड्याकडची कांडी काढून टाकायला सांगा. तिथे साखर कमी आणि खारटपणा जास्त. रस आणला की लगेच चुलीवर चढला पाहिजे. दोन-तीन तास तसाच ठेवला तर आंबायला लागतो, आणि तो आंबूसपणा पुढे कशानेही जात नाही.

दुहेरी फडक्यातून गाळून रुंद कढईत घ्या. कढई निम्मीच भरा. आच मंद. रस उकळायच्या आत वर हिरवट-काळा थर जमतो, तो झाऱ्याने अलगद उचला. आता भेंडीचं पाणी. गुऱ्हाळात रानभेंडीची खोडं ठेचून पाण्यात चोळतात. घरी तीन-चार कोवळ्या भेंड्या ठेचून वाटीभर पाण्यात अर्धा तास ठेवायच्या आणि तो चिकट बुळबुळीत अर्क गाळून रसात सोडायचा. त्या बुळबुळीला बारीक घाण चिकटते आणि वर येते. थर काढत राहा. हे काम कंटाळवाणं आहे, पण काकवी स्वच्छ होते ती इथेच. चुना मी घालत नाही. तो चिमूटभर जरी जास्त झाला तरी रंग काळवंडतो.

मळी येणं थांबलं की आच मोठी करा. फेस कढईबाहेर यायला लागला तर करडीच्या तेलाचे दोन थेंब टाका, लगेच खाली बसतो. पहिला तासभर अधूनमधून ढवळलं तरी चालतं. पुढे मात्र जागचं हलू नका.

आता उतरवण्याची वेळ. मी पहिल्यांदा केली तेव्हा कढईत मधासारखी दाट दिसेपर्यंत थांबले. माय म्हणाली, "उतरव की गं, गूळ व्हायलाय." मी ऐकलं नाही. सकाळी बरणीच्या तळाला खडा धरलेला. गरम काकवी पातळच दिसते, दाटपणा तिला गार झाल्यावर येतो. म्हणून कढईतल्या दाटपणावर जाऊ नका, बुडबुडे बघा. बारीक पांढरा फेस जाऊन मोठे, पिवळसर, जड बुडबुडे फुटायला लागले की गार ताटलीवर थेंब टाका आणि बोटाने रेघ ओढा. रेघ लगेच मिटली तर अजून पाणी आहे. सावकाश मिटली तर गॅस बंद.

थर्मामीटर असेल तर १०५ ते १०६ अंश असं सगळीकडे सांगतात, पण तो आकडा समुद्राकाठचा. लातूर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर आहे, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. तेव्हा आधी साध्या उकळत्या पाण्याचं तापमान घ्या आणि त्याच्या वर ५ ते ६ अंश चढले की काकवी उतरवा. हाच रस उकळत्या पाण्याच्या वर अठराएक अंश नेला की गूळ होतो. मधलं अंतर भरकन संपतं.

५ लिटर रसाची लिटरभर काकवी होते, रस पाणचट असेल तर थोडी कमी. गरम असतानाच त्यात अर्धा चमचा लिंबाचा रस घाला. आंबटामुळे थोडी साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते आणि मग खडा धरत नाही. उन्हात वाळवलेल्या काचेच्या बरणीत भरून दहा-पंधरा दिवस हलवू नका. गाळ खाली बसतो, वरची स्वच्छ काकवी दुसऱ्या बरणीत ओता. चमचा कायम कोरडा. झाकण उघडताना फसफसली किंवा आंबट वास आला तर टाकून द्या. ती पातळ उतरवलेली होती.

ज्वारीची गरम भाकरी, वर तूप आणि काकवी, हे आमच्याकडे सांगावं लागत नाही. पण काकवी फक्त भाकरीवर घालून संपवतात याचं मला वाईट वाटतं. स्वयंपाकात तिचा उपयोग कितीतरी आहे.

चिरलेला गूळ एक वाटी लागत असेल तिथे काकवी पाऊण वाटीला उलीशी कमी घ्या आणि पाणी किंवा दूध दोन-तीन चमचे कमी करा, कारण काकवीत पाव हिस्सा पाणीच असतं. दशम्यांना तर काकवीच हवी. गूळ विरघळवत बसायला नको आणि कणकेत खडे राहत नाहीत. दूध-काकवी एकत्र करून त्यात मावेल तेवढी कणीक भिजवा, तवा मध्यम ठेवा. मोठ्या आचेवर वरून करपतात आणि आत कच्च्या राहतात.

येळवशीच्या गव्हाच्या खिरीत काकवी घालायची ती गहू बोटाने चेपला जाईपर्यंत शिजल्यावरच. गोड आधी पडलं की दाणा मऊ व्हायला फार वेळ घेतो. दूध अगदी शेवटी, खीर कोमट झाल्यावर. गरम खिरीत दूध फाटलं की सगळी मेहनत वाया. चिंचेच्या आमटीत मात्र चमचाभर पुरे, तीही उकळी यायच्या आधी.

तिळाच्या वड्यांना काकवी वापरू नका. लिंबू पडलेली काकवी कितीही आटवली तरी वडी नीट धरत नाही, चिवट होते. तिथे चिक्कीचा गूळच.

साखरेचा त्रास असलेल्यांनी काकवीला औषध समजून खाऊ नये. तिच्यात थोडं लोह असतं, पण ती साखरच आहे, रक्तात साखरेसारखीच जाते. माझ्या सासूबाईंना मी आठवड्यातून एकदा एक चमचा देते, तोही डॉक्टरांना विचारून.

कढई घासायला टाकण्याआधी तिच्यात दोन तांबे पाणी आणि सुंठ घालून उकळी आणा. कडेला चिकटलेली काकवी सुटते. मामाच्या गुऱ्हाळात रात्रपाळीची माणसं हेच पाणी पीत चुलवाणापाशी बसायची.